तणाव निवळला म्हणजे नेमकं काय झालं?

हे पावसाळ्यातलं नदीचं पाणी, तांबडं, गढूळ. आणि हे निवळीचं बी, छोटंसं, चपटं. माठाच्या आतून थोड्या पाण्यात हे बी घासायचं, मग वरून गढूळ पाणी ओतायचं आणि माठ अजिबात हलवायचा नाही, बस. काही तासांत गाळ बुडाशी बसतो, वर नितळ पाणी राहतं. पाणी निवळलं.

बातम्यांत आपण ऐकतो ना, 'सीमेवरचा तणाव निवळला', ते हेच निवळणं.

यात जादू काही नाही. मातीच्या बारीक कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, बियांतले घटक त्यांना एकत्र आणतात, गुठळ्या जड होतात आणि खाली बसतात. तुरटीनेही असंच होतं. जंतू मात्र मरतीलच असं नाही, पाणी उकळूनच प्या. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. शाळेतली चुन्याची निवळी आठवते? नळीने फुंकलं की दुधाळ व्हायची ती, तीसुद्धा याच घरातली.

आता वापर. पूर ओसरतो, दंगल शमते, धोका टळतो, बॉम्ब निकामी करतात. निवळतो तो तणाव, निवळते ती परिस्थिती. 'मी तणाव निवळला' असं कोणी म्हणत नाही, तो आपला आपण निवळतो, आपण फक्त ढवळणं थांबवायचं, आणि मला या शब्दातलं हेच फार आवडतं.

पण गाळ जात नाही, तो बुडाशी असतोच. २८ ऑगस्ट २०१७ ला भूतानजवळच्या डोकलाममधून भारत आणि चीनचं सैन्य मागे हटायचं ठरलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तीन वर्षं व्हायच्या आत, १५ जून २०२० च्या रात्री तिकडे लडाखमध्ये गलवानला चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. मग चर्चेच्या फेऱ्यांवर फेऱ्या, आणि लडाखमधल्याच देपसांग-डेमचोकच्या गस्तीवर समझोता व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. निवळायला एवढा वेळ लागतो.