तंजावरची दुपार

श्रोतेहो, नमस्कार.

पाठीवर सॅक टाकून तमिळनाडूतली देवळं बघायला निघणार असाल, तर एक आधीच सांगते. तिथला देव दुपारी वामकुक्षी घेतो. साधारण बारा-साडेबाराला दारं लागतात, ती चारच्या सुमारास उघडतात. मी चिदंबरमला पोचले ती नेमकी एक वाजता! तीन तास गोपुराच्या सावलीत काढले. सावली सरकेल तशी सॅकसकट मीही सरकत होते.

मग दिवसच तसा बेतला. पहाटे देऊळ, दुपारी केळीच्या पानावर ‘मील्स’ आणि एसटीसारख्याच खडखडणाऱ्या बसचा प्रवास, संध्याकाळी पुन्हा देऊळ. सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. चपला बाहेर काढायच्या हे आपल्याला नवीन नाही, पण अकराच्या उन्हात तापलेला तो दगड! अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून सगळे एका रांगेत का चालतात, ते दोन पावलांत कळतं.

कुंभकोणमला डिग्री कॉफी, म्हणजे तिथली निर्भेळ दुधाची फिल्टर कॉफी प्यायले, आणि जवळच्या दारासुरमच्या देवळात दगडी रथाची चाकं नि उधळलेले घोडे बघत सकाळ कशी गेली ते कळलं नाही. गर्दी नाही, घाई नाही. मला विचाराल तर मोठ्या देवळांपेक्षा हेच आधी बघा.

तंजावरला मात्र थबकले. राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर, 1010 साली पुरं झालेलं, शिखर सुमारे 66 मीटर उंच. भिंतींवर तमिळ शिलालेख: कुणी काय दान दिलं, चारशे नर्तकींना कुठली घरं दिली, सगळा हिशेब. मला अर्थातच एक अक्षर लागेना. आणि प्राकाराच्या भिंतीशी आले, तर समोर मराठी! तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास. बोटानं ओळ धरून अडखळत वाचू लागले.

शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले. वाचता येतं का, असं खुणेनंच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी मागच्या तमिळ लेखांकडे बोट केलं आणि हसून हात हलवले. ती जुनी लिपी त्यांनाही लागत नव्हती. मग माझ्या ओळीकडे वळून म्हणाले, “सरबोजी?”

“हो, सरफोजी.”

गाभारा तोवर बंद झाला होता.