मुठेच्या काठानं, सावकाश

रविवार, सकाळचे सात. सिंहगड रोडवरची गर्दी अजून सुरू व्हायची आहे. पुण्याच्या विठ्ठलवाडीत, देवळापाशी, वीसेक मंडळी जमली आहेत. कुणाच्या गळ्यात दुर्बीण, कुणाच्या हातात नातवाचं बोट. एक आजोबा तर घडीची खुर्ची घेऊनच आलेत. जायचं कुठं? इथून राजाराम पुलाच्या दिशेनं, मुठेच्या काठाकाठानं. झपझप चाललं तर वाट लगेच संपेल, म्हणून इथं कुणी झपझप चालत नाही.

पहिला प्रश्न पोरांचाच : पाणी असं काळं का?

उत्तर वरच्या अंगाला आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं मुठेच्या खोऱ्यातलं पाणी अडवतात. खडकवासल्यातून ते शहराच्या नळांना जातं आणि कालव्यानं पार दौंड-इंदापूरच्या शेतांना. धरण भरून विसर्ग सुरू झाला की तेवढ्यापुरतं ते पात्रात येतं. एरवी इथं वाहतं ते मुख्यतः आपल्याच मोऱ्यांमधलं, नाल्यांवाटे आलेलं. म्हणजे मुठा आपल्या घरातूनच वाहते, फक्त बाहेर पडताना तिचा रंग बदललेला असतो.

आणि तरीही इथं पक्षी आहेत. भरपूर आहेत.

ती बघा, हळदी-कुंकू बदकांची जोडी. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके. पलीकडे उथळ पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या चिखलात चोच खुपसतोय. वा, काय छान, नदी जिवंत आहे, असं कुणीतरी म्हणतंच. थोडं थांबा. काडीनं तो चिखल जरा उकरून पाहा. लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळतं. या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळपास संपलेल्या गाळातही त्या तग धरतात. शेकाट्याला मेजवानी मिळते ती यांची. नदीकाठी पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगलं, हा हिशेब इथं चुकतो. स्वच्छ पाणी लागणारे मासे आणि किडे कोणते गायब झालेत, ते मोजायला हवं. ते अर्थातच फोटोत येत नाहीत.

वाट करंजाच्या सावलीत शिरते. पुढे उंबर आहे, आणि अगदी पाण्यालगत वाळुंज. वाळुंज पुरात लवतो, मोडत नाही, आणि त्याची मुळं काठाची माती धरून ठेवतात. मधूनच सुबाभूळ आणि एरंड घुसलेत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आता मान वर करा. फांद्यांना चिंध्या आणि प्लास्टिक लटकलंय, उंच माणसाचा हातही पोहोचणार नाही इतक्या वर. मुठेनं पुराची खूण आपल्याच कचऱ्यानं करून ठेवली आहे. कागदावर अशाच दोन रेषा असतात : सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. खुर्चीवाले आजोबा मात्र रेषांच्या भानगडीत पडत नाहीत. 12 जुलै 1961, एवढंच म्हणतात. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पोरं खुर्चीभोवती गोळा होतात. पुढची दहा मिनिटं वाट तिथंच थांबते.

पूल जवळ आल्यावर एक काकू विचारतात, हे पाणी शेवटी जातं कुठं?

संगमावर मुळेला मिळतं, मग मुळा-मुठा भीमेला. भीमा उजनीच्या धरणात अडते, तिथून सुटली की पंढरपूर.

“अगं बाई, म्हणजे आपण इकडच्या विठ्ठलापासून तिकडच्या विठ्ठलाला हे पाठवतोय?”

हो, काकू. आषाढीलासुद्धा.