वेळ वेगळा, उजेड वेगळा

श्रोतेहो, नमस्कार. गीझर दहा मिनिटं चालतो, झिरोचा बल्ब रात्रभर. तरी बिल कोण वाढवतं, हे घरात कुणालाही विचारा. आकाशातही तसंच.

गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे दूर अंतराळात अचानक उसळणारा अतिशय ऊर्जावान किरणांचा भडका, किती वेळ चालला हे एक, आणि किती प्रखर होता हे दुसरं. दोन सेकंदांच्या आत आटोपतात ते आखूड, त्यापुढचे लांब. लांब स्फोटांची एकूण ऊर्जा सहसा जास्त भरते. पण ऐन क्षणाच्या प्रखरतेचा वेळेशी थेट हिशेब बसत नाही. पुन्हा सांगतो, नाही बसत.

आता माझी आवडती गोष्ट. १९ मार्च २००८, होळी दोन दिवसांवर. असे स्फोट हुडकणाऱ्या 'स्विफ्ट' उपग्रहाला एक स्फोट सापडला, अगदी साधा. चिलीत रात्र होती. तिथला एक रुंद नजरेचा कॅमेरा आकाशाचा तोच भाग टिपत होता. अर्धा तासही झाला नाही तोच, पहिल्यापासून जेमतेम दहा अंशांवर, भूतप तारकासमूहात दुसरा पेटला! आणि कसा? अंधाऱ्या माळावरून दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसावा असा. जवळपास अर्धा मिनिट. अंतर किती? साडेसातशे कोटी प्रकाशवर्षं. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती. साडेसातशे कोटी, बरं का!

गॅमा किरणांत तो मिनिटभर चालला. पण मधल्या काळात विश्व ताणलं गेलं, तसा वेळही ताणला गेला. म्हणजे तिथं जे अर्ध्या मिनिटात उरकलं, ते आपल्याला मिनिटभर दिसलं. याच्या उलटही होतं. लांबून येणाऱ्या वरातीतला नुसता ताशा ऐकू येतो, सनई विरून जाते. तसा मंद स्फोटाचा फक्त शेंडा, म्हणजे सर्वांत प्रखर भाग, टिपला जातो, आणि मूळचा लांब स्फोट आखूड वाटतो.

२००८चा तो दुसरा स्फोट दिसला त्या वेळी आपल्याकडे सकाळचे पावणेबारा वाजत होते. डोक्यावर ऊन, आणि भूतप तर केव्हाच मावळलेला.