नळीतला पीळ

गिरगावात आमच्या चाळीच्या गच्चीवर भोवरे फिरायचे. बुटका, बसका भोवरा जरा हळू फिरला तरी उभा राही. उंच भोवरा मात्र दोरी घट्ट गुंडाळून, हिसडा देऊन सोडला नाही तर डुगडुगत लगेच आडवा होई. तो उंच भोवरा आज शेवटपर्यंत डोळ्यासमोर ठेवा.

रायफलच्या नळीत आतून वळणदार चर कापलेले असतात. गोळी त्यांत आवळली जाते आणि पुढे जाता जाता फिरते. एक पूर्ण फेरा घ्यायला नळीची जेवढी लांबी लागते, तो त्या नळीचा पीळ. ‘एकास दहा’ म्हणजे दहा इंचांत एक फेरा. आकडा लहान, तितका पीळ कडक.

फिरवायचं कशासाठी? लांबट गोळीवर हवेचा जोर तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे लागतो. हवा तिला सतत उलटवू पाहते. फिरकीच तिला सरळ धरते.

1857 च्या काडतुसांची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ती काडतुसं ज्या रायफलीची, त्या 1853 च्या एनफिल्डचा पीळ एकास 78 होता आणि नळी 39 इंचांची. म्हणजे गोळी अर्धाच फेरा घेऊन बाहेर पडे. जाड, आखूड गोळीला तेवढं पुरत होतं. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती त्याच घडणीची, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. पीळच काढून घेतला! चरबीबद्दल आपण भरपूर बोलतो. मला ही गुळगुळीत नळी अधिक बोलकी वाटते, कारण राज्यकर्त्यांची भीती तिच्यात अक्षरशः कोरून काढलेली दिसते.

1879 मध्ये इंग्लंडमधल्या वूलिचच्या लष्करी विद्यालयातले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी सोपा हिशेब मांडला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा, की हवा तो पीळ मिळतो. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. व्यास 0.311 इंच, लांबी साधारण सव्वा इंच. उत्तर येतं साडेअकरा इंच. प्रत्यक्षात पीळ एकास दहा, म्हणजे थोडा राखून ठेवलेला. या हिशेबात वजन कुठेच आलं नाही, हे बघा. ‘जड गोळीला कडक पीळ’ असं सर्रास म्हणतात, पण जड गोळी बहुधा लांब असते म्हणून ते खरं ठरतं. पीळ मागते ती लांबी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ब्रिटिश सैन्याच्या ली-मेटफर्ड रायफलीत मात्र गेला! तिचे चर उथळ, गोलसर कडांचे होते, आणि कॉर्डाइट दारूच्या उष्णतेनं ते झिजून गेले. म्हणून 1895 मध्ये एनफिल्ड कारखान्याचे खोल चर आले.

आता अमेरिकी सैन्याची रायफल, एम-16. सुरुवातीचा पीळ एकास 14. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या डगमगू लागल्या, कारण थंड हवा दाट. मग एकास 12 केला. पुढे एम-16 ए-2 मध्ये थेट एकास सात. नवी साधी गोळी एकास नऊवरही नीट उडाली असती. अडवलं ते ट्रेसरनं, म्हणजे उडताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीनं. तिच्या पोटात जळणारं मिश्रण असतं, ते शिशाहून हलकं, म्हणून गोळी लांबलचक होते. सैनिकाला ट्रेसरसाठी दुसरी रायफल देता येत नाही. तेव्हा सगळ्यात उंच भोवऱ्यासाठी जेवढा हिसडा लागतो, तेवढा प्रत्येक गोळीला मिळतो. एकास सातच्या नळीतून बाहेर पडणारी गोळी सेकंदाला पाच हजारांहून जास्त फेरे घेते.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग सियाचीनच्या थंडीत पीळ वाढवावा लागेल का?’ छान प्रश्न. थंडीनं हवा दाट होते, पण अठरा हजार फुटांवर हवेचा दाब मुंबईच्या जवळपास निम्मा. दोन्हींचा मेळ घातला तर तिथली हवा आपल्या किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा विरळच भरते. गोळीला उलटवणारा जोर तिथे कमी असतो. खरी परीक्षा थंड आणि सपाट मुलखात, समुद्रसपाटीजवळ. पुढची चिठ्ठी द्या.