आपली नोंद आपल्याला कधी मिळते?

(नाशिकमध्ये रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर सिस्टर आहेत, ब्रदर आहेत, एक्स-रे आणि लॅबचे टेक्निशियन आहेत. मागे हाउसकीपिंगच्या मावशी बसल्यात. मावशी, पुढे या, आजचा विषय तुमचाही आहे.

रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल आपल्याकडे प्रशिक्षणं होतात. रुग्णालयात राबणाऱ्यांच्या माहितीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि ती माहिती काही थोडीथोडकी नसते. शिक्षण, कौन्सिलची नोंदणी, आधार, पॅन, बँक खातं, बोटांचे ठसे, लसीकरण, रजेची कारणं. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीची फाइल शिकतानाच सुरू होते; राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडला, म्हसरूळला आहे. पुढे ती निवृत्त होईपर्यंत फाइल फुगत जाते. मेडिकल कॉलेजांतल्या अध्यापकांची हजेरी तर मे २०२५ पासून आधारशी जोडलेल्या चेहऱ्याच्या पडताळणीने घेतात, मोबाइलच्या लोकेशनसकट.

माझं म्हणणं असं आहे की जी नोंद तुमचा जीव जपायला ठेवलेली असते ती तुम्हाला वेळेवर मिळत नाही, आणि जी चारचौघांत जायला नको ती सर्रास फिरते. हे चित्र बदलायला हवं, आणि ते बदलणं आपल्या हातात बरंचसं आहे.

रात्रपाळीचं उदाहरण घ्या. रात्रीचे दोन वाजलेत, रक्ताचं सॅम्पल घेताना सिस्टरच्या बोटात सुई गेली. साबण-पाण्याने हात धुऊन त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत का, आणि नंतरचा टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी, किती होती? टायटर दहा किंवा त्याहून जास्त असेल तर त्या आजाराची धास्ती नाही. लसच झाली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत द्यावं लागतं. एचआयव्हीसाठीची औषधं तर दोन तासांत सुरू झालेली उत्तम, आणि बहात्तर तासांनंतर ती देण्यात अर्थ उरत नाही. म्हणजे त्या क्षणी तो टायटरचा आकडा लाखमोलाचा असतो. तो असतो कुठे? ऑफिसच्या कपाटात, आणि ऑफिस उघडतं सकाळी दहाला.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा तपासणी करायची आणि त्याची नोंद ठेवायची. पिवळी पिशवी उचलणारे मामा-मावशी ठेकेदाराकडून आलेत म्हणून ते यातून सुटत नाहीत. नोंद ठेवली, पण कपाटातच राहिली, तर इन्स्पेक्शनपुरती तिची शोभा. प्रत्येकाच्या आयकार्डामागे लसीची तारीख आणि टायटर लिहा, किंवा स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. खर्च शून्य.

त्याच रात्री त्या सिस्टरचं स्वतःचंही रक्त एचआयव्हीसाठी तपासायला जातं. तो रिपोर्ट नावासकट वॉर्डच्या टेबलावर पडला की सकाळपर्यंत पाच जणांनी वाचलेला असतो. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा लेखी संमतीशिवाय ही माहिती उघड करू देत नाही. कर्मचारी म्हणून त्या रुग्णालयाच्या घरच्या असतील, पण त्या क्षणी त्या रुग्ण आहेत. असे रिपोर्ट बंद पाकिटात, नावाऐवजी नंबरावर यायला हवेत.

आता एक्स-रेवाल्यांकडे वळतो, कारण तुमच्याकडे नमुना म्हणून दाखवावी अशी व्यवस्था आहे. लेड ॲप्रनच्या आत छातीवर लावलेला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा बिल्ला, दर तीन महिन्यांनी लॅबला जातो. तुमच्या नंबरावर किती डोस चढला त्याचा हिशोब मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत राहतो. तुम्ही पंचवटीतलं नर्सिंग होम सोडून कॉलेज रोडला गेलात तरी नंबर तोच. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम सांगतात की मालकाने ही नोंद तुम्हाला दर वर्षी द्यायची, मागाल तेव्हा द्यायची आणि नोकरी सोडताना द्यायची. ड्यूटीनंतर बॅज एक्स-रे रूममध्ये टांगून ठेवू नका. त्याने तुमच्या नावावर खोटा डोस चढतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याबाबत मला तोकडा वाटतो. नोकरीच्या कारणासाठी मालकाला तुमची माहिती संमतीविना वापरता येते, हे त्यातलं सातवं कलम. आणि आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क मिळतो तो मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीवर. जुन्या किरणोत्सर्ग नियमांनी टेक्निशियनला दिलेला हक्क नवा कायदा वॉर्डातल्या सिस्टरला देत नाही. हे मला मनापासून खटकतं. तरी त्यात जमेच्या बाजूही आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं बंधनकारक आहे. ठेकेदाराकडून फुटली तरी जबाबदारी रुग्णालयाची. तेव्हा ठेकेदाराला आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. ते आधारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

ड्यूटी चार्टचं मात्र आजच मनावर घ्या. भिंतीवरच्या चार्टवर नावापुढे मोबाइल नंबर लिहिलेला असतो. कोणी नातेवाईक त्याचा फोटो काढतो आणि त्या मुलीला रात्री-बेरात्री फोन सुरू होतात. रजेचं कारणही ग्रुपवर टाकलं जातं, त्यात गर्भपातसुद्धा असतो. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, सवयीने करतं. चार्टवर नाव आणि पाळी पुरते. नंबर मेट्रनकडे असावा. रजेचं कारण मात्र तिथेही असू नये.

सिंहस्थ जवळ आलाय. मुख्य स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. मघाशी सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली बहुतेक बंधनं दीड वर्षाने, म्हणजे ऐन स्नानांच्या तोंडावर लागू होतील. जिल्ह्याबाहेरून डॉक्टर, नर्स, रुग्णवाहिकांचे चालक येतील. त्यांच्या याद्या बनतील, एक्सेलमध्ये फिरतील, सेक्टरच्या ग्रुपवर जातील. यादी करायलाच हवी, तिच्याशिवाय गर्दीत माणूस सापडणार नाही. पण यादी करणाऱ्यांमध्ये तुमच्यापैकी कोणी असेल तर आधार आणि बँकेचे रकाने मानधनाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्या फाइलला पासवर्ड लावा, ती एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा, आणि मानधन जमा होऊन हिशोब तपासला गेला की फिरत राहिलेल्या प्रती कोणी, कोणत्या तारखेला पुसायच्या ते यादी बनवतानाच ठरवून टाका.