फळ्यावरचे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’

कुठल्याही जुन्या नगरपालिकेत जा. नगराध्यक्षांच्या दालनात शिरलात की खुर्चीच्या मागे नाहीतर बाजूच्या भिंतीवर एक लाकडी फळा दिसतो. अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. आपण सगळे नावं वाचतो. हे कुणाचे आजोबा, ते कुणाचे चुलते, याचा शोध घेतो. आज मी तुम्हाला उरलेले दोन रकाने वाचायला सांगणार आहे. एखादा गृहस्थ वर्षानुवर्षं बसलेला दिसतो. पुढे कुठेतरी वर्षा-सव्वा वर्षाला माणूस बदलतो. मध्येच नावाच्या जागी नुसतं ‘प्रशासक’ लिहिलेलं असतं. खुर्ची तीच आहे, पण ती देणारा हात बदलत गेला आणि त्याबरोबर खुर्चीवरचा माणूस कुणाला घाबरतो तेही बदललं. मला दिसलेला नगराध्यक्षपदाचा इतिहास एवढाच आहे.

सुरुवात 1850 च्या कायद्यापासून करू. गंमत अशी की हा कायदा ऐच्छिक होता. गावातल्या लोकांनी मागणी करायची आणि मग सरकारने तिथे नगरपालिका द्यायची. आमच्यावर कर बसवा असा अर्ज कोण करील, असं तुम्हाला वाटेल. इतर बहुतेक प्रांतांत तो फारसा कुणी केलाही नाही. मुंबई इलाख्यात मात्र सोलापूर 1852, सातारा 1853, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, 1854 अशा पालिका एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. यामागे जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावर नाक्यावरच घेतला जाणारा कर. घरपट्टीची मागणी थेट दारात येते. जकात मालाच्या भावात विरघळते, देणाऱ्याला कळतही नाही. ही जकात पुढे दीडशे वर्षं आपल्या पालिकांना जगवणार होती, तेव्हा तिचं नाव लक्षात ठेवा.

त्या काळातल्या फळ्यावर पहिली नावं साहेबांची असतात. कलेक्टर हा पदसिद्ध अध्यक्ष आणि सभासद त्याने नेमलेले. नेमलेला माणूस मान हलवणारच, असं आपण गृहीत धरतो. पण जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे नेमलेलेच सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागतावर पालिकेचे पैसे खर्च करायचा विषय आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणत त्यांनी विरोध केला. पाहुण्यांच्या स्वागताचा खर्च आणि त्याला एकट्याने केलेला विरोध, हा विषय आपल्या सभागृहांत अजून निघतो. विरोध करणारा तेवढा मिळत नाही.

18 मे 1882 ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा ठराव आला. स्थानिक कारभार लोकांकडे द्यायचा तो रस्ते आणि गटारं लगेच सुधारतील म्हणून नव्हे, लोकांचं राजकीय शिक्षण होईल म्हणून, असं त्यात चक्क म्हटलं होतं. 1884 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला, निवडून आलेले सभासद वाढले, आणि हळूहळू फळ्यावर वकील, डॉक्टर, व्यापारी, रावबहादूर दिसू लागले. मतदार म्हणजे कर भरणारा, त्यामुळे सगळं गाव त्यात नव्हतंच. तरी शाळा तयार झाली. पुण्यात नामदार गोखले अध्यक्ष होते. याच इलाख्यातल्या अहमदाबादला 1924 ते 1928 वल्लभभाई पटेल अध्यक्ष होते. देश चालवायला निघालेली माणसं आधी नळ आणि कचरा यांत हात घालून बसली होती.

आता जरा थांबून एका लहान पालिकेकडे बघू. ती महाडची. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी आणि सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस पुढे बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली आणि तळ्याकडे कुणाही अस्पृश्याला जाता आलं नाही. ठरावाला पाणी लागावं म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावं लागलं.

त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 ला आपलाच ठराव मागे घेतला! पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तळ्यावर फक्त आमचीच अनादी वहिवाट आहे, असं स्पृश्यांचं म्हणणं. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने ही अनादी काळाची प्रथा सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. एका लहान गावच्या ठरावाला तेरा वर्षं लागली. ठराव मागे घेणारे सभासद वाईट होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी एवढंच विचारतो की त्यांना मतं कोण देत होतं आणि कोण देऊ शकत नव्हतं? ‘कोणाचा हात’ म्हणतो ते हेच.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र झाला तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद इथले वेगवेगळे कायदे एकाच राज्यात नांदत होते. 1965 च्या अधिनियमाने ते एकत्र केले. लोकसंख्येप्रमाणे पालिकांचे अ, ब, क वर्ग आले. शासनाने नेमलेला मुख्याधिकारी आला. त्यातच कलम 308 आहे. पालिकेच्या लोकांना हा आकडा पाठ असतो. सभेने केलेला ठराव जिल्हाधिकारी या कलमाखाली तहकूब करू शकतात. फळ्यावरून कलेक्टर गेले, पण कायद्याच्या पुस्तकातून गेले नाहीत.

आणि मग सुरू झाला झोपाळा. 1974 मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. नंतर ती पद्धत गेली. 2001 मध्ये परत थेट, 2006 पासून नगरसेवकांतून, 2016 ला पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. लोकशाहीचा फार खोल विचार बदलत गेला, असं म्हणायला मी तयार नाही. मुंबईत सत्ता कुणाची, आणि गावात त्यांचं बळ नगरसेवकांत जास्त की एका चेहऱ्यात जास्त, एवढंच ते गणित आहे.

त्यातून खुर्ची मात्र बदलते. नगरसेवकांनी निवडलेला अध्यक्ष नगरसेवकांना सांभाळतो. मुदत अडीच वर्षांची असली की ती दोघांत सव्वा-सव्वा वर्षं वाटून घेण्याचा तोडगा निघतो, निवडीआधी सदस्य सहलीला जातात, आणि फळ्यावरची नावं भराभर वाढतात. थेट निवडलेल्याला गाव सांभाळावं लागतं. पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असलं, तर अजेंड्यावरचे विषय तहकूब होत राहतात. दोन्हींत खोट आहे. मला थेट निवड बरी वाटते, कारण तिथे निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते नक्की असतं.

आरक्षणाचं थोडक्यात सांगतो. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या. नगराध्यक्षपदाचं आरक्षणही सोडतीने ठरू लागलं. फळा बघा, सगळीकडे ‘श्री.’ असलेल्या रकान्यात एकदम ‘सौ.’ येते. अनेक ठिकाणी रंगाऱ्याने बाईंच्या नावापुढे यजमानांचं नावही ठसठशीत रंगवलेलं असतं. कारभार कुणी केला, याचा तो पुरावा नाही. गावाला काय वाटत होतं, याचा आहे.

आता ती जकात. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्याऐवजी शासन अनुदान देऊ लागलं. व्यापारी आनंदले, नाक्यांवरची रांग गेली. पण ज्या दिवशी नाका उठला, त्या दिवशी पालिकेची स्वतःची मोठी कमाईही उठली. तोपर्यंत नगराध्यक्ष कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी नाक्याकडे बघत होता. आता मंत्रालयाकडे बघतो. मला विचाराल तर कुठल्याही निवडणुकीपेक्षा या एका निर्णयाने ही खुर्ची जास्त बदलली. फळ्यावर त्याची काहीच नोंद नाही.

गाव वाढलं की महानगरपालिका होते. सांगली, मिरज, कुपवाडची 1998 मध्ये झाली, इचलकरंजीची 2022 मध्ये. गावाला बढती मिळाल्याचा आनंद असतो. ‘महापौर’ हा शब्दही भारदस्त, सावरकरांनी दिलेला. पण महापालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि महापौर निवडतात नगरसेवक. म्हणजे थेट निवडलेल्या नगराध्यक्षाच्या हातात जे थोडंफार होतं, ते नाव मोठं होताना कमी होतं. झगा आणि मानदंड मिळतो, सही आयुक्तांची चालते.

शेवटचं, अगदी अलीकडचं. 2021-22 च्या सुमारास मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि बहुतेक पालिकांवर प्रशासक आले. मे 2025 मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, डिसेंबरमध्ये मतदान झालं. मधल्या काळात गावांत ना नगराध्यक्ष होता ना नगरसेवक. आराखडे झाले, निविदा निघाल्या, सभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं.

आता नवे नगराध्यक्ष आलेत, फळ्यावर त्यांची नावं रंगतील. तुम्ही सत्काराला जाल तेव्हा पुष्पगुच्छ देऊन झाल्यावर जरा भिंतीकडे बघा. आधीच्या नावाच्या ‘पर्यंत’ आणि नव्या नावाच्या ‘पासून’ यांमध्ये ती वर्षं लिहिलीत का, की रंगाऱ्याने नावाखाली लगेच नाव घेतलंय? घेतलं असेल, तर तिथेच नगराध्यक्षसाहेबांना विचारा.