कानातले गाणे आणि पाठीमागची चाके

अध्यक्ष महोदय आणि सायकलप्रेमी मित्रहो,

सायकल चालवताना हेडफोन लावून गाणी ऐकणे सुरक्षित आहे का, असा आजचा विषय जाहीर झालेला आहे. येथे जमलेल्यांपैकी निम्म्या मंडळींनी त्याचे उत्तर घरून निघतानाच ठरवले असणार, आणि उरलेल्या निम्म्यांच्या कानांत या क्षणीही काही असेल, तर ते मला व्यासपीठावरून दिसत नाही. माझे स्वतःचे म्हणणे असे आहे की, मान केव्हा वळवायची हे सांगणे हेच सायकलस्वाराच्या कानाचे मुख्य काम आहे, आणि गाण्यामुळे या कामाला किती सेकंद उशीर होतो, याच मापाने या प्रश्नाचा निवाडा झाला पाहिजे. ते गणित मी शेवटी मांडणार आहे. त्याआधी मला एक तक्रार मांडू द्यावी, कारण ती मनात ठेवून मला गणित नीट करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी रस्त्याच्या कडेने सायकल चालवत असताना, तेथे उभ्या असलेल्या एका मोटारीचे दार अचानक उघडले आणि मी त्या दारासकट खाली आलो. गुडघा फुटला, पुढच्या चाकाचा आठ झाला. मी अजून उठलेलोही नव्हतो, तोच एका गृहस्थांनी वाकून मला पहिला प्रश्न केला, "कानात काय होते?" माझे इअरफोन गळ्यात लोंबत होते आणि फोन पिशवीत बंद होता, परंतु त्या लोंबणाऱ्या तारेने तेथल्या तेथे माझ्याविरुद्ध साक्ष दिली. "हल्ली हे असेच असते," असे दुसऱ्यांनी जाहीर केले. अपघातानंतर तेथे पोहोचलेल्या एका बाईंनी तर तार माझ्या कानातच असल्याचे स्वतः पाहिल्याचे सांगितले. दार उघडणारे सद्गृहस्थ एव्हाना साक्षीदारांच्या घोळक्यात मिसळून मान डोलवू लागले होते. पुढे मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न केला, आणि भरपाईचा अर्ज हाती आला तेव्हा त्यातही त्यासाठी एक स्वतंत्र रकाना होता. दार उघडण्यापूर्वी मोटारीच्या आरशात पाहिले होते का, याला मात्र त्या अर्जात रकाना नव्हता. उभ्या मोटारीचे दार उघडण्यापूर्वी असा कोणता आवाज होतो, जो मी ऐकायला हवा होता, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेले नाही.

ही तक्रार मी एवढ्या विस्ताराने मांडली, याला राग हे एक कारण आहे, हे मी नाकारत नाही. दुसरे कारण असे की, सायकलस्वारावर येणारे धोके दोन प्रकारचे असतात आणि आपण ते एकाच टोपलीत टाकतो. उघडणारे दार, रस्त्यातला खड्डा, चौकात समोरून येऊन आपल्या पुढ्यात वळणारी गाडी, हे सारे डोळ्यांचे विषय आहेत. तेथे कान कितीही मोकळे असले तरी फारसा उपयोग होत नाही. कानाचा खरा प्रांत आपल्या पाठीमागे आहे, जेथे डोळा पोहोचत नाही. पाठीमागून वाहन येत आहे, ते मोठे आहे, वेग कमी करत नाही, एवढे कान सांगतो; मग आपण वळून पाहतो आणि निर्णय डोळ्यांनी घेतो.

येथे कोणीतरी कर्णबधिर सायकलस्वारांचा दाखला देतो आणि तो योग्यच आहे. ते सायकल चालवतात, उत्तम चालवतात. पण आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते, म्हणून ते आरसा लावतात आणि ठरावीक अंतराने मागे पाहतात. गाणे ऐकणाऱ्याची अडचण नेमकी उलट असते. आपल्याला सारे ऐकू येत आहे अशी त्याची समजूत कायम राहते आणि त्यामुळे मान वळत नाही.

कायदेमंडळांचीही या विषयात मोठी तारांबळ उडालेली दिसते. १९८२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वुडब्रिज या गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यावरच बंदी घातली. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून मोटारचालकांबरोबर सायकलस्वारांनाही कानात इअरफोन घालण्यास मनाई केली आणि १३५ युरो दंड ठेवला. श्रवणयंत्रे त्यातून अर्थातच वगळली. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकता येत नाहीत, एक झाकता येतो. जर्मनीचा नियम मला सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो उपकरणाचे नावच घेत नाही. वाहन चालवणाऱ्याच्या श्रवणात अडथळा येता कामा नये, एवढेच तो सांगतो, आणि तो सायकलस्वारालाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा पहिला वॉकमन बाजारात आला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती आणि अंगावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि यंत्रातल्या छोट्या मायक्रोफोनमधून बाहेरचा आवाज कानात येई. आज महागड्या इअरफोनच्या जाहिरातीत बाहेरचे ऐकू देणारी जी सोय नवलाई म्हणून मिरवली जाते, ती त्या पहिल्याच यंत्रात होती. पुढच्या यंत्रांतून ते बटण गळाले, आणि त्याचे दुःख करणारा मी बहुधा एकटाच असेन.

अध्यक्षांनी आता चिठ्ठी पाठवली आहे आणि तीवर 'पाच मिनिटे' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा कबूल केलेले गणित घाईने मांडतो.

आपण ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहोत आणि मागून ताशी ६० किलोमीटरने मोटार येत आहे, असे धरा. वेगांतला फरक ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. मोकळ्या कानांना ती ५० मीटरवर ऐकू आली, तर हाताशी साडेचार सेकंद उरतात. आता आवाजाचा नियम असा की, मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. म्हणून कानातल्या गाण्याने आपली ऐकण्याची मर्यादा केवळ ६ डेसिबलने वर ढकलली, तर तीच मोटार २५ मीटरवर आल्यावर ऐकू येते आणि सव्वादोन सेकंद उरतात. १२ डेसिबलने ढकलली, तर जेमतेम एक सेकंद उरतो, आणि तेवढा वेळ वळून पाहण्यातच जातो. मोटारीच्या टायरांचा आवाज साधारण १००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरकस असतो, आणि माणसाचे गाणे व बरीचशी वाद्येही त्याच पट्ट्यात वाजतात. त्यामुळे गाणे टायरांना फार सहज झाकून टाकते. विजेच्या मोटारींबद्दल जी भीती व्यक्त होते, तिचा विचारही टायरांपासूनच करावा, कारण वेग वाढल्यावर त्यांचाही आवाज मुख्यतः टायरांचाच असतो. कमी वेगात त्या फार शांत असतात, म्हणून युरोपात २०२१ पासून नव्या विद्युत मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणे सक्तीचे आहे.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी २०११ साली सायकलस्वारांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत कानात घट्ट बसणारे इअरफोन दोन्ही बाजूंना घातलेल्यांचे ध्वनिइशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले. एकाच कानात इअरफोन घातल्यावर तसे झाले नाही. हाताने फोन न धरता केलेल्या संभाषणाचाही फायदा मर्यादितच ठरला. अमेरिकेतील हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो, त्यातल्या निम्म्याहून अधिक धडका आगगाड्यांच्या होत्या, आणि हेडफोन न लावलेल्यांशी त्यात तुलनाच नाही; त्यावरून सायकलस्वाराला किती धोका आहे, ते मोजता येत नाही.

एका कानाच्या सवलतीतही एक मेख आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. हा फरक वेळेच्या हिशेबात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एक कान गाण्यात गुंतला की वाहन आले हे कळते, कोणत्या बाजूने आले हे अंधुक होते. म्हणून इअरफोन घालायचाच असेल, तर वाहनांच्या विरुद्ध बाजूच्या, म्हणजे कडेच्या कानात घालावा आणि हँडलला आरसा लावावा. गालाच्या हाडातून आवाज देणारी साधने कानाचे छिद्र मोकळे ठेवतात, हे चांगलेच आहे, परंतु त्यांचा आवाजही शेवटी त्याच अंतर्कर्णात पोहोचतो, त्यामुळे मोठा ठेवला तर तोही झाकणारच. बाहेरचा गोंगाट पुसून टाकणारी यंत्रणा मात्र सायकलवर बंदच असावी.

आवाज किती ठेवावा, याला माझ्याजवळ एक साधी कसोटी आहे: पायडल थांबवल्यावर मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली पाहिजे. समोरून जोराचा वारा असेल तर ही टिकटिक गाण्याविनाही बुडते, आणि तेव्हा हात आवाज वाढवण्याकडे जातो. त्या वेळी गाणे बंद करावे आणि आरशात नेहमीपेक्षा अधिक वेळा पाहावे. अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत. प्रश्न असतील तर त्यांची परवानगी घेऊन विचारावेत.